ईस्टरचं नाटक: शनिवार दाखवायचा की थेट रविवार?

नगरी_पहाट
सगळ्यांना सलाम. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच स्वतः धागा काढतेय कारण हातात वेळ कमी आहे आणि मनात गोंधळ जास्त. नगर जिल्ह्यातली आमची छोटी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, ईस्टरला पहाटेच्या उपासनेआधी तरुण संघाचं अर्ध्या तासाचं नाटक असतं, यंदा ईस्टर ५ एप्रिलला आहे आणि नाटक बसवायची जबाबदारी माझ्याकडे आली.

आजवर आमचं नाटक ठरलेलं. पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेले शिपाई, येशूला शिक्षा सुनावणारा रोमन सुभेदार पिलात, वधस्तंभ, मग एकदम लाईट, धूर, पांढरा झगा आणि गाणं. पोरांना मजा येते, मी स्वतः लहानपणी देवदूत झालेय त्यात. पण यंदा मला शुक्रवार आणि रविवारच्या मधला शनिवार दाखवायचाय.

कारण सांगते. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आमच्या मंडळीतली माणसं गेली. कोणाचं तोंड बघायला मिळालं नाही, आंघोळ घालता आली नाही, पेटीला हात लावता आला नाही, कबरस्तानात लांबून उभं राहून प्रार्थना. त्यानंतर आम्ही चार ईस्टर केले, दरवेळी "आनंद करा" म्हटलं, आणि दरवेळी मला दिसतं की काही बायका त्या गाण्याला उभ्या राहतात पण ओठ हलत नाहीत.

यंदा बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय वाचताना एकदम लक्षात आलं, की येशूच्या मागे चालणाऱ्या त्या बायका पहाटे त्याच्या कबरेकडे गेल्या त्या पुनरुत्थान बघायला नाही गेल्या. त्या राहिलेलं काम करायला गेल्या. शुक्रवारी संध्याकाळ झाली, शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शनिवार संध्याकाळपर्यंत) लागला, येशूला घाईघाईत पुरलं, हाताने नीट काही करता आलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला मानणारा निकदेम शंभर रत्तल गंधरस आणि अगरू आणतो, आजच्या हिशोबाने बत्तीस-तेहतीस किलो होतात, म्हणजे सुगंधी द्रव्याची कमी नव्हतीच, तरी बायका आपलं वेगळं घेऊन जातात, कारण त्यांना स्वतःच्या हाताने लावायचं होतं. आमच्या बायकांचं हेच राहिलंय.

पंचांपैकी दोघं म्हणतात ईस्टरला रडारड नको. पाळकसाहेबांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तुमचे अनुभव सांगा, विरोध असेल तर तोही सांगा.

संडेस्कूलचे_सर
ताई, मनापासून लिहिलंत म्हणून मीही मनापासून विरोध नोंदवतो. मी सोलापूरकडचा, बरीच वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे संडेस्कूल घेतोय. वर्षातले बाकीचे दिवस माणूस दुःखातच असतो हो, घरात दुःख, दवाखान्यात दुःख, आणि एक पहाट अशी आहे की तिथे चर्चने ठामपणे म्हणायचं असतं की तो उठला आहे. तिथेही आपण अर्धा तास रडणं दाखवलं तर लहान मुलं काय घेऊन जातील? गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर तीन तास बसतोच ना आपण, तिथे करा की हे.

तबला_पेटी
सरांचा मुद्दा कळतो पण गुड फ्रायडेला आपण येशूच्या मरणाबद्दल बोलतो, मागे राहिलेल्यांबद्दल कुठे बोलतो. शनिवारी तर आपल्याकडे चर्चची साफसफाई आणि फुलांची सजावट असते, बास. मी ताईंच्या बाजूने.

वसईची_लेक
आमच्याकडे कॅथलिकांत शनिवारी रात्री पास्काचं, म्हणजे ईस्टरचं जागरण असतं, त्यात शनिवार आपोआप येतो. सगळं चर्च अंधारात, बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी पास्काची मेणबत्ती पेटते आणि फादर ती घेऊन अंधारातून आत येतात, मग तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. ट्यूबलाईट लगेच लावत नाहीत. आणि चाळीस दिवस आलेलुया हा शब्दच गायलेला नसतो, तो त्या रात्री पहिल्यांदा येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

माझी आई गेली त्या वर्षी मी त्या अंधारात उभी होते आणि शेजारच्या अनोळखी बाईने माझी मेणबत्ती पेटवली, मला अजून त्या बाईचा चेहरा माहीत नाही, फक्त मनगटावरची बांगडी आठवते. म्हणून सांगते, अंधार घाईने संपवू नका आणि उजेड एकदम मारू नका. फोकसचं बटण दाबून पुनरुत्थान होत नाही.

सर, मुलांबद्दल म्हणाल तर आमच्याकडे लहान मुलं त्या अंधारात आईचा पदर धरून शांत उभी असतात. त्यांना झेपतं.

जुना_नाटकवाला
एक जुनी गोष्ट सांगतो, कदाचित पंचांना सांगायला उपयोगी पडेल. युरोपात चर्चमधलं नाटक ज्यातून वाढलं असं मानतात ना, ते मूळ याच प्रसंगातलं. दहाव्या शतकात ईस्टरच्या उपासनेत लॅटिनमधली दोन-तीन वाक्यं गायली जायची, देवदूत विचारतो कोणाला शोधता, बायका सांगतात नासरेथकर येशूला, तो म्हणतो तो इथे नाही. मठातलेच लोक बायका व्हायचे आणि हातात धुपाटणं घेऊन काहीतरी शोधत असल्यासारखे चालत यायचे. शिपाई, पिलात, गर्दी हे सगळं नंतर चिकटत गेलं. म्हणजे तुम्ही काही नवीन खूळ काढत नाही, मुळाशी जाताय.

आता कामाचं. बायका शनिवारी करतात काय हे ठरवा. दुःख म्हणजे तोंड झाकून हुंदके दिले की दुसऱ्या मिनिटाला प्रेक्षक बाहेर पडतो. हाताला काम द्या. माणूस घरी गेल्यावर बायका काय करतात आठवा, भांडी घासतात, पीठ चाळतात, कोण आलं कोण राहिलं मोजतात.

नगरी_पहाट
नाटकवाले काका, तुमचं हे वाचून काल रात्रभर झोप नाही लागली आणि सकाळी उत्तर सापडलं. मार्क म्हणतो शब्बाथ संपल्यावर त्यांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली. म्हणजे शनिवारी दिवस मावळल्यावर. म्हणजे ती रात्र त्यांच्या हातात होती. कुटायचं, दळायचं, भरायचं आणि पहाटे निघायचं.

स्टेजवर जातं ठेवणार. आमच्या आजीचं आहे, माळ्यावर पडून. पहाटे जात्यावर बसलेल्या तीन बायका, त्यात मग्दालिया मरीया, आणि ओवी.

ओवीवेडा
मी ख्रिस्ती नाही पण जातं म्हटल्यावर राहवलं नाही. हेमा राईरकर आणि गी पोएतवाँ यांनी गावोगावी फिरून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यातल्या थोड्या मी ऐकल्यात. सासर, माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं त्यात आहे आणि मरणसुद्धा आहे. बाई जे कोणाला सांगू शकत नाही ते जात्याला सांगते, घरघरीत आवाज दबतो म्हणून बाकीच्या घराला कळत नाही. तुमच्या मरीयेला यापेक्षा बरी जागा मिळणार नाही.

एक विनंती, ओव्या पुस्तकी मराठीत लिहू नका. तुमच्या मंडळीत सत्तरीच्या पुढच्या एखाद्या बाईला जात्यावर बसवा आणि गप्प राहा. ती आपणहून म्हणेल.

आणि हो, रिकामं जातं ओढू नका, दगडावर दगड घासतो. मूठभर बाजरी घालत राहा.

आजीचा_बटवा
बाळा, गंधरस म्हणजे आपला हिराबोळ, हे पोरींना माहितीय का? काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, तांबूस काळपट खडे, कडू जहर. आपल्याकडे बाळंतिणीला देतात. माझ्या तिन्ही बाळंतपणांत सासूने गुळात घालून गोळी दिली होती, तो वास अजून नाकात आहे. आता वैद्याला विचारल्याशिवाय कोणी घेऊ नये, पण पूर्वी घरोघर होता.

तर बघ, मागी लोकांनी, पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांनी, बाळ येशूला आणला तोही हाच आणि बायका कबरेकडे घेऊन निघाल्या त्यातही हाच असणार. मरीयेच्या तोंडी एवढंच घाल, "ह्याचा वास बाळंतिणीच्या खोलीचा येतो गं." बाकी काही समजवायला जाऊ नको.

जात्यात मात्र घालू नको हं, डिंकासारखा असतो, दगडाला चिकटून बसेल आणि मग निघता निघणार नाही. जात्यात बाजरी, आणि बोळ वेगळा खलबत्त्यात, वर थोडं कोरडं पीठ टाकून कुटायचा. समोरच्या चार बाकांपर्यंत वास जाईल.

तबला_पेटी
आजी, हे भारीच!! ताई साउंडचं मी सांगतो. कबरेच्या तोंडावरची धोंड लोटल्याचा आवाज मोबाईलवर डाउनलोड करू नका, सगळे तोच लावतात आणि तो विमान उडाल्यासारखा येतो. जात्याखाली गोणपाट घाला, त्याच्या कडेला जमिनीलगत माईक ठेवा आणि पूर्ण नाटकभर तो माईक बंद ठेवा. बायका दळून उठतात, निघतात, "धोंड कोण लोटील" म्हणतात, स्टेज रिकामं होतं, अंधार होतो, आणि मग तो माईक सुरू करून त्याच जात्याचा एक सावकाश फेरा. एकच.

इन्व्हर्टर आधी चेक करा, पहाटे लाईट जाते.

नगरी_पहाट
दादा, मी हे वाचून ऑफिसमध्येच रडले. ठरलं.

एक अजून विचार होता, शेवटी २०२१ मध्ये गेलेल्या सगळ्यांचे फोटो पडद्यावर दाखवावेत, खाली नाव, मागे हळू पेटी. तरुण संघातल्या पोरांची आयडिया आहे. कसं वाटतं?

रानवारा
मी इथे कधी लिहीत नाही. माझे पप्पा त्या मे महिन्यात गेले. कृपा करून फोटो दाखवू नका.

मी चर्चमध्ये गेले की आधी दाराजवळचं बाक बघते, म्हणजे रडू आलं तर बाहेर पडता येईल. मला माहीत नसताना पप्पांचा फोटो अचानक दहा फुटी पडद्यावर आला तर मी काय करू. आणि सगळे वळून माझ्याकडे बघतील, हळहळतील, नंतर चहाच्या वेळी येऊन हात धरतील. मला ते नकोय. मरीयेला रडताना बघून मला रडता येईल, ते चालेल, कारण तेव्हा सगळे तिच्याकडे बघत असतील.

राग मानू नका. नाटक करा, नक्की करा.

संडेस्कूलचे_सर
रानवारा ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी वर जे लिहिलं त्यात मुलांचाच विचार होता, दाराजवळच्या बाकाचा नव्हता. माझा विरोध मागे घेतो. आमच्याही चर्चला ते बाक आहे आणि तिथे कोण बसतं हेही मला माहीत आहे.

नगरी_पहाट
रानवारा, फोटो रद्द. पोरांना तुझं म्हणणं वाचून दाखवलं, नाव वगैरे काही न सांगता, कोणी एक शब्द बोललं नाही. आणि नाटकाच्या आधी सांगणार आहोत की कोणाला मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं तर खुशाल जा, दरवाजे उघडे असतील.

शनवारतेली
इस्रायलहून लिहितोय, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आमचं मूळ गाव अलिबागजवळ, घरी अजून मराठी. धागा पहिल्यापासून वाचला. आमच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे कारण घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, त्यामुळे तुमच्या शनिवारावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

लूकमध्ये लिहिलंय की त्या बायका आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी स्वस्थ राहिल्या. ते "नियमाने अडवलं" असं नका दाखवू. आमच्याकडे शब्बाथला उघडपणे शोक करत नाहीत, दिवा लावून ठेवलेला असतो, जेवायला बसतात. घरात माणूस गेलंय आणि तरी तो दिवा आहे, जेवण आहे, आणि कोणी मोठ्याने रडत नाही. यातलं ओझं मला माहीत आहे, माझा भाऊ गुरुवारी गेला होता. शनिवारी चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, तेव्हा आईने पहिल्यांदा हंबरडा फोडला. तुमच्या नाटकात चांदण्या दिसणं हा प्रसंग असू द्या.

आणि रक्ताच्या नात्यातलं माणूस गेलं की आम्ही कपड्याला छातीपाशी चीर देतो. येशूच्या आईच्या लुगड्याला किंवा ओढणीला ती चीर असावी, कोणाला कळो न कळो.

दुसरं जरा जड बोलतो. दुःखभोगाच्या नाटकांनी युरोपात आमच्या लोकांवर फार वाईट दिवस आणले, नाटक बघून लोक ज्यूंच्या वस्तीवर चालून गेलेत. जर्मनीत ओबरअमरगाऊ गावात १६३४ पासून हे नाटक होतं, प्लेगच्या वेळी बोललेला नवस आहे तो, त्यांनीसुद्धा अलीकडे संहिता बरीच बदलली. तुमच्या नाटकात या बायका, त्यांचा गुरू, सगळे ज्यूच आहेत एवढं पोरांना सांगा.

नगरी_पहाट
दादा, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. चांदणीचा प्रसंग घेतलाच. यंदा शिपाई आणि "वधस्तंभावर खिळा" ओरडणारी गर्दी नाहीच, पण पुढच्या वर्षी कोणी जुनी वही काढली तर हा मुद्दा मी लिहून ठेवलाय वहीच्या पहिल्या पानावर.

तालमीचं सांगते. येशूचं काम करणारा मुलगा शेतकरी आहे, पंचविशीचा. योहानात मरीयेला उठलेला येशू आधी माळी वाटतो ना, मी म्हटलं झगा नको, तू रात्री दारं धरायला जातोस तसाच ये. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलाचे, खांद्यावर फावडं. आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची असते, पहाटे असा माणूस बांधावरून येताना सगळ्यांनी पाहिलेला आहे.

मग तो मरीयेला नावाने हाक मारतो, ते "मरीये" काही केल्या जमेना. पहिल्यांदा सिनेमातल्यासारखं, मग प्रवचनासारखं, मग एकदम कुजबुज. शेवटी विचारलं, रात्रीचं पाणी धरून घरी आलास की आईला हाक कशी मारतोस? तो म्हणाला, काही नाही, दारातूनच, ती चुलीपाशी असते. म्हटलं तशीच मार. त्याने मारली. मरीया झालेली बारावीतली मुलगी पाठमोरी होती, ती इतकी पटकन वळली की डोक्यावरचा पदर पडला, आणि आम्ही तो पडलेला पदर तसाच ठेवला.

आणि ओवी. आमच्या मंडळीतल्या एक मावशी, त्यांचा मुलगा २०२१ ला गेला, मी त्यांना विचारायचं धाडसच करत नव्हते. त्या स्वतः तालमीला आल्या, म्हणाल्या पोरींना जातं धरता येत नाही, सरका. बसल्या, बाजरी घातली, आणि म्हणाल्या,

दळण दळीते बाई, हात दुखतो दुखू दे
लेकराचं माझ्या तोंड, एकडाव दिसू दे

दुसरी लगेच,

पहाटंच्या गं पारी, हात जात्याच्या खुंट्याला
कोण लोटील गं बाई, धोंड राजाच्या दाराला

पाळकसाहेब दारात उभे होते, आम्हाला माहीत नव्हतं. ते आत आले, मावशींच्या शेजारी जमिनीवर बसले आणि खुंट्याला हात लावला. दोघांनी मिळून थोडं दळलं. मग मला म्हणाले, असंच होऊ द्या, फक्त शेवटी घंटा नीट वाजू दे, अर्धवट नको.

ओवीवेडा
"हात दुखतो दुखू दे". आता मी काही बोलत नाही.

जुना_नाटकवाला
ताई, मावशींना रोज विचारा की करायचंय का. प्रयोगाच्या दिवशीसुद्धा. ऐनवेळी नाही म्हणाल्या तर दुसरी बाई तयार ठेवा आणि त्यांना कोणी आग्रह करू नका.

तुमच्या गावावरून आठवलं, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं येशूचरित्राचं काव्य ख्रिस्तायन अपुरं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे लिहीत नेलं. नगरच्या मातीत हे आहे, राहिलेलं काम बायकांनी हातात घेणं.

नगरी_पहाट
मंडळी, ईस्टर झाला. तो उठला आहे. उशिरा लिहितेय, माफ करा, दोन दिवस नुसती झोपले.

पावणेपाचला सुरू केलं. चैत्री पौर्णिमा गुरुवारीच झाली होती, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीतून चंद्राचा उजेड येत होता, आम्ही स्टेजवर फक्त दोन कंदील ठेवले. मावशी बसल्या. बोळ कुटायला लागल्यावर वास पसरला आणि मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, त्यांना ओळखीचा होता तो. बाळंतिणीच्या खोलीचं वाक्य आलं तेव्हा एक आजी मोठ्याने "हो गं" म्हणाल्या.

चूक एक झाली. अंधारात जात्याचा एकच फेरा ठरला होता, मावशींनी तीन घेतले. थांबल्याच नाहीत. आता वाटतं तेवढेच लागत होते.

तो मुलगा मधल्या वाटेने मागून आला, फावडं घेऊन, माईक नाही. अर्ध्या लोकांना वाटलं खरंच कोणीतरी शेतातून उशिरा उपासनेला आलंय, दोघांनी सरकून बाकावर जागा केली त्याला. मग त्याने हाक मारली.

घंटा पूर्ण वाजली. बाहेर आलो तेव्हा साडेसहा होत आले होते, नुकतंच उजाडलेलं, सगळे दरवर्षीप्रमाणे कबरस्तानात गेले. मावशींनी खलबत्त्यातला बोळ कागदाच्या पुडीत बांधून घेतला होता. मुलाच्या कबरेवर बोटाने लावला, दगडाला, नावाच्या अक्षरांत. मग पुडी पुढे दिली. दुसरीने घेतली, तिसरीने घेतली. मला हे ठाऊक नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं.

रानवारा
पुडी पुरली का सगळ्यांना?

नगरी_पहाट
पुरली. पाव किलो आणला होता, नाटकात मूठभरच लागला. थोडा उरलाय. तुला पाठवू?

रानवारा
हो. मेसेज करते पत्ता.